घोलपची डबल बेल

"हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग," असा आवाज हॉलमधून आला आणि इकडे घोलपच्या गळ्यातली नळी शिट्टी वाजवायला लागली.

मी माझ्या कॉटवर शेंगा फोडत बसलो होतो. शिट्टी ओळखीची होती. कफ सुकला, नळीत खरपुडी धरली की वाजायची. पण त्या दिवशी ती बारीक होत चालली होती. गावाबाहेर गेलेल्या गाडीच्या हॉर्नसारखी. मी मान वळवली. घोलपचे डोळे माझ्याकडेच होते, मोठे झालेले, आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कॉटच्या दांड्यावर आपटत होती.

टक. मग थोडं थांबून पुन्हा, टक.

सिंगल बेल. गाडी थांबवा.

आमची ही भाषा जुनी. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. मी सोपान कणसे, एसटीचा कंडक्टर, आणि हा शिवराम घोलप माझा ड्रायव्हर. कऱ्हाड-चिपळूण गाडीवर आम्ही दोघांनी कुंभार्ली घाट इतका चढला-उतरला, की घाट झिजून दोन फूट खाली आला. विचारा घोलपला. त्याच घाटात एका बिबट्यानं हात दाखवून गाडी थांबवली आणि माझ्याकडं हाफ तिकीट मागितलं. मी म्हटलं, शेपटी सोडून उंची मोजणार, हाफमध्ये बसलास तर बसलास. लोक हसायचे. मी म्हणायचो, विचारा घोलपला. घोलप स्टिअरिंगवरून मान न वळवता गंभीरपणे म्हणायचा, "फुल तिकीट काढलं त्यानं. वर म्हणाला, सुट्टे ठेवा." असा साक्षीदार मिळायला पुण्य लागतं.

रिटायर झाल्यावर घोलपला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली. त्याच्या लेकीनं, शैलानं, त्याला कऱ्हाडबाहेरच्या 'आनंदघर' वृद्धाश्रमात ठेवला. ती सांगलीला नोकरी करायची, दर रविवारी यायची. माझी बायको वारलेली, मूलबाळ नाही, कंबरेचं हाड मोडलेलं. घोलप जिथं, तिथं मी. म्हणून शेजारची कॉट मी घेतली.

आता नळीचं सांगतो, कारण पुढचा सगळा संताप त्या नळीत अडकलेला आहे. त्या नळीच्या आत आणखी एक नळी असते. आतली काढायची, ब्रशनं घासून धुवायची, परत बसवायची. साठलेला कफ मशीन लावून ओढायचा. वरती ओलं गॉज ठेवायचं, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी पडत नाही. मानेभोवतीची पट्टी ओली-मळकी झाली की बदलायची. बस्स. यात काही रॉकेट उडवायचं नाही. पण हे रोज, न चुकता, प्रत्येक पाळीला व्हायला पाहिजे.

ललिता सिस्टर असली की व्हायचं. ती घोलपशी बोलत बोलत करायची. "काका, आता जरा ठसका लागेल हं. लागला? शाब्बास." ललिता नसली की मात्र गंमत सुरू व्हायची. दुपारनंतर बजरंग असायचा. अंगानं दांडगा, मनानं वाईट नाही, पण मी त्याला रोज शिव्या द्यायचो.

"बजरंग, आतली नळी धुतलीस का रे?"

"सकाळी सिस्टरनं धुतली की."

"सिस्टरची आज सुट्टी आहे."

"मग दुसरीनं धुतली आसंल."

"तू बघितलंस?"

"तात्या, तुमी कंडक्टर हाय का डाक्टर? बसा की निवांत. बिबट्याचं सांगा कायतरी."

आणि दुसरीला विचारावं तर ती म्हणायची, काल बजरंगनं केलं असणार. असं हे 'असणार' एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे जायचं, आणि घोलपची नळी तशीच. मला याची चीड अशासाठी यायची, की हा माणूस डेपोत गाडी ताब्यात घेताना कधी कुणाच्या 'असणार'वर बसला नाही. आधीचा ड्रायव्हर आईची शपथ घेऊन सांगायचा, घोलप, रेडिएटरमध्ये पाणी भरलंय. घोलप हो म्हणायचा आणि तरी बॉनेट उघडायचा, टोपण काढून स्वतः बोट बुडवून बघायचा. "दुसऱ्याच्या बोटाला लागलेलं पाणी आपल्याला समजत नाही, सोपान," म्हणायचा. आणि त्याच माणसाच्या गळ्यात कुणी बोट घालून बघत नव्हतं.

मी मॅनेजर पाटसकरांकडं दोनदा गेलो. कडक इस्त्रीचा माणूस, टेबलावर गणपती, गणपतीला रोज ताजं जास्वंद. तेवढं मात्र कुठल्याही पाळीला चुकत नव्हतं.

"तात्या," पाटसकर हसून म्हणाले, "परवा तुम्ही सगळ्यांना सांगत होता, आपल्या आमटीत मगर निघाली."

"ती वेगळी गोष्ट."

"ही कशावरून वेगळी?"

"घोलपला विचारा."

"त्यांना विचारायचं?" पाटसकर आणखी हसले. "ते तर मगरीलाही मान हलवत होते."

तर तो दिवस. शिट्टी बारीक होत होती. मी उशाशी असलेलं बटण दाबलं. कुणी आलं नाही. पुन्हा दाबलं. कोण येणार? सगळा स्टाफ हॉलमध्ये होता. कुणा बड्या पाहुण्यांनी आनंदघरला कफ ओढायचं नवंकोरं मशीन दान दिलं होतं, त्याचा लोकार्पण सोहळा होता.

म्हटलं, नवं राहू दे, जुनं तर आहे. घोलपच्या कॉटशेजारी स्टुलावर आमचं जुनं मशीन असायचं. बघतो तर त्याची वायर स्टुलावरून शेपटीसारखी लोंबतेय, आणि जिथं एक्स्टेंशन बोर्ड असायचा तिथं नुसता खिळा.

मग आठवलं. जेवणं झाल्यावर बजरंग आला होता. माझ्यासमोर त्यानं बोर्ड काढला. "माइकला कमी पडतंय, तात्या. लगीच आणून देतो."

म्हणजे कफ ओढायच्या मशीनचा सोहळा करायला कफ ओढायच्या मशीनचा बोर्ड काढून नेला होता. मी आयुष्यभर थापा मारल्या, पण एवढी मोठी थाप मला सुचली नसती.

घोलपचे ओठ निळसर दिसायला लागले. टक. टक.

"आलो," मी म्हटलं. "गाडी सोडू नकोस. आलो."

वॉकर घेतला आणि निघालो. आमची खोली कॉरिडॉरच्या एका टोकाला, हॉल दुसऱ्या टोकाला. कंबर ओरडत होती, मी तिला शिव्या देत होतो.

हॉलमध्ये शिरलो तर काय, स्टेजवर मध्यभागी ते नवं मशीन! त्याला झेंडूचा हार, अंगावर कुंकवाचं स्वस्तिक, पुढं नारळ, आणि भोवती गुलाबी फीत. बाजूला खुर्चीत पाहुणे, गळ्यात हार, खांद्यावर शाल. आमच्या सिस्टर नारिंगी साड्यांमध्ये ओळीनं उभ्या राहून स्वागतगीत म्हणत होत्या. ललिता ओळीच्या टोकाला, हातात औक्षणाचं तबक. घोलपची नळी ज्या हातांना समजत होती, त्या हातांत तबक. पेटीवाला डोळे मिटून पेटी बडवत होता आणि लाउडस्पीकर तर असा, की शेजारचा माणूस जळाला तरी त्याची हाक ऐकू यायची नाही.

"पाटसकर!" मी ओरडलो. "घोलपचा श्वास अडकलाय!"

गाणं एका कडव्यावर येऊन थांबलं होतं. पाटसकरांनी मला पाहिलं. कपाळावर आठी आली, पण पाहुणे बघत होते म्हणून आठी पुसून त्यांनी माइक तोंडाशी धरला.

"पाहुण्यांना सांगायला आनंद वाटतो, हे आपले सगळ्यांचे लाडके कणसे तात्या. आनंदघरचं मनोरंजन खातं!"

टाळ्या पडल्या.

"घोलप मरतोय!"

"बघा," पाटसकर माइकवर म्हणाले, "गोष्टीची सुरुवातच किती दमदार!"

आणखी टाळ्या. मागून कुणीतरी म्हातारा ओरडला, "तात्या, बिबट्या होऊ द्या!" पाहुणेही हसले. माझ्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. मी वॉकर आपटत स्टेजपाशी गेलो.

"ते मशीन द्या. हे नवं. आत्ता."

पाटसकरांनी माइकवर हात धरला आणि दात न उघडता बोलले, "तात्या, अजून फीत कापायची आहे."

"मग कापा!"

"पाहुण्यांचं मनोगत झाल्यावर. कार्यक्रमाला काही क्रम असतो. बसा खाली."

आणि हात काढून गोड आवाजात, "तात्यांची गोष्ट आपण अल्पोपाहारानंतर ऐकूया. चला, पुढचं कडवं."

पेटी सुरू झाली. मी खाली बघितलं. स्टेजच्या पायरीशी माझा बोर्ड पडला होता. घोलपचा बोर्ड. त्यात माइकची पिन, स्पीकरची पिन, आणि वर पाहुण्यांसाठी टेबलफॅन. मी वाकलो. वाकताना कंबरेतून वीज गेली ती गेली, पण मी वायर धरली आणि भिंतीतून हिसडली.

गाणं अर्ध्या शब्दावर मेलं. पंखा भिरभिरत थांबला. सगळा हॉल एकदम गप्प झाला. आणि त्या शांततेत कॉरिडॉरच्या त्या टोकाकडून शिट्टी ऐकू आली. केसासारखी बारीक. तुटत होती, पुन्हा लागत होती.

ललितानं मान वर केली. बाकी कुणाला ती शिट्टी म्हणजे काय हे कळलं नाही. तिला कळलं. तबक हातातून सुटलं, निरांजन पाहुण्यांच्या पायाशी कलंडलं आणि नारिंगी साडीचा ओचा धरून ती पळाली.

मी बोर्डाची वायर गळ्यात गुंडाळली आणि तिच्यामागं वॉकर हाणला.

"अहो, बोर्ड!" पाटसकर ओरडले. "बजरंग, धर त्यांना! बोर्ड घे!"

आणि मग सगळे माझ्यामागं आले. बजरंग, पाटसकर, माइकवाला, पेटीवाला, शाल सावरत पाहुणेसुद्धा. घोलप मरतोय म्हणून सांगितलं तेव्हा एकानं बूड हलवलं नव्हतं. बोर्ड म्हटल्यावर वरात निघाली.

मी खोलीत पोचलो तेव्हा ललिता घोलपवर वाकली होती. तिनं नळीचं तोंड दोन बोटांत धरलं, नुसतं वळवलं, आणि आतली नळी बाहेर ओढली. बाभळीच्या खोडावर डिंक धरतो तसा त्या नळीच्या आत कफ वाळून बसला होता. एका दिवसाचा नव्हता तो. दोन-तीन दिवस ललिताला गाण्याच्या तालमीलाच जुंपलं होतं. नळी निघाली आणि घोलपच्या छातीतून असा आवाज आला, की घाट उतरून थांबलेल्या गाडीनं एअर ब्रेक सोडावा. फुस्स. मग दुसरा श्वास. मग तिसरा.

"बोर्ड," ललिता म्हणाली. मी गळ्यातून काढून दिला. तिनं जुनं मशीन लावलं, घर्रर्र करून कफ ओढला. घोलपच्या ओठांवर रंग आला. त्याची बोटं दांड्यावर शांत पडली.

तेव्हा मला समजलं की जीव वाचवायला मशीन लागलंच नव्हतं, बोर्डही नाही. दोन बोटं आणि अर्धा वळसा. एवढ्यावर माणूस अडला होता, आणि त्या अख्ख्या घरात तो अर्धा वळसा देता येणारी एकच बाई, आणि तिला गाण्याला उभी केलेली!

पाटसकर दारात धापा टाकत होते. त्यांनी घोलपकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं, घाम पुसला. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल.

"साहेब," ते पाहुण्यांना म्हणाले, "हीच ती आमची अहोरात्र रुग्णसेवा. चला, फीत राहिलीय." आणि ललिताला, "झालं ना आता तुझं? बोर्ड दे."

मी बोर्ड उचलून माझ्या कॉटवर ठेवला आणि त्याच्यावर बसलो.

"तात्या, उठा."

"माझं हाड मोडलंय. उठवत नाही."

"आत्ता तर पळत होता!"

"थाप होती ती," मी म्हटलं. "मी थापाड्या आहे. माइकवरनं सांगा सगळ्यांना."

फीत माइकशिवाय कापली गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. शैला आली. तिच्या आधी पाटसकर येऊन उभे होते, हातात तिच्यासाठी कार्यक्रमातला पेढ्यांचा पुडा. "काल जरा किरकोळ गडबड झाली, मॅडम. बाबा एकदम उत्तम आहेत. तात्या वाढवून सांगतील, त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे."

शैला माझ्याकडं वळली. "तात्या, आज थाप नको. काय झालं?"

मी सांगितलं. जसं झालं तसं, एका शब्दाचं मीठ न घालता. मलाच ते ऐकताना खोटं वाटत होतं. हार घातलेलं मशीन, फीत, गळ्यात बोर्ड. शैलाच्या चेहऱ्यावर एकदा हसू येऊन गेलं, आणि ते मला जे लागलं ते कंबरेच्या हाडापेक्षा जास्त लागलं.

"आता म्हणाल, विचारा घोलपला," ती म्हणाली.

"विचार."

ती वाकली. "बाबा, हे खरं?"

माझ्या प्रत्येक थापेला मान हलवणारा तो माणूस. त्यानं मान हलवली नाही. तो दारात उभ्या असलेल्या बजरंगकडं बघत राहिला आणि दोन बोटं दांड्यावर आपटली. टक.

"हे काय?" शैलानं विचारलं.

"सिंगल बेल. थांबवा म्हणतोय."

शैला सरळ उभी राहिली. बाबांची नजर कुठं लागलीय ते तिनं बघितलं. मग म्हणाली, "बजरंगभाऊ, आतली नळी काढून दाखवा. माझ्यासमोर."

बजरंग पुढं झाला. त्याचे पंजे हे एवढे. नळीपाशी नेले. उलटीकडं वळवायला गेला. घोलपला ठसका लागला तसा हात आखडून घेतला.

"मला येत न्हाई, ताई," तो म्हणाला.

"येत नाही म्हणजे? मग इतके दिवस काय करत होता?"

"वरनं पुसत हुतो. कुणी दावलंच न्हाई. हात लावला आन काय झालं म्हंजे? म्हून सिस्टरनं केलं आसंल म्हणायचो."

"याला ट्रेनिंग दिलेलं आहे," पाटसकर म्हणाले.

बजरंग त्यांच्याकडं वळला. मी त्याला पहिल्यांदाच असा पाहिला. "कवा, साहेब? ललिता सिस्टर शिकवणार हुत्या त्या दिवशी तुमी मला मांडव घालाया धाडलं. पुढच्या बारीला पाहुण्यांची गाडी धुवाया लावली. सांगा की, कवा दिलं?"

पाटसकरांच्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

रोज त्या बजरंगला घातलेल्या शिव्या माझ्या तोंडात परत आल्या. राग तेवढाच होता, फक्त त्याचा पत्ता बदलला.

त्या दिवशी शैला सांगलीला गेली नाही. तिनं खुर्ची ओढून घोलपच्या पायाशी घेतली आणि पाटसकरांना म्हणाली, "आता इथंच सगळ्यांना शिकवायचं. मी बघत बसते. नाहीतर बाबांना आज घेऊन जाते, आणि कालच्या पाहुण्यांकडं जाऊन का नेलं ते सांगते." ललितानं एकेकाला बोलावलं. बजरंगला, दुसऱ्या सिस्टरला, झाडूवाल्या मावशीलासुद्धा. मलाही. घोलप शिकाऊ ड्रायव्हरच्या हाती गाडी दिल्यासारखा डोळे गच्च मिटून पडला होता.

"आणि ड्यूटी बदलताना?" शैलानं विचारलं. "परत 'केलं असेल' म्हणणार?"

तेव्हा मी तिला रेडिएटरचं सांगितलं. तिच्या वडलांचं बोट, आणि दुसऱ्याच्या बोटाला लागलेलं पाणी. ती घोलपकडं बघत ऐकत राहिली. संध्याकाळी बाजारात जाऊन सायकलची घंटी घेऊन आली आणि कॉटच्या दांड्याला, घोलपच्या डाव्या अंगठ्याखाली, बसवली. नियम असा ठरला, की जाणाऱ्यानं 'केलं' म्हणून जायचं नाही. येणाऱ्यानं स्वतः नळी उघडून बघायची, दोघांनी कॉटपाशी उभं राहायचं. घोलपनं डबल बेल दिली की जाणारा सुटला.

"म्हणजे ड्यूटी संपली की नाही ते पेशंट ठरवणार?" पाटसकर म्हणाले.

"गाडीचा ड्रायव्हर तो आहे," मी म्हटलं.

पहिल्या संध्याकाळी बजरंगनं सगळं केलं. घामानं निथळला, पण नळी काढली, घासली, बसवली, कट्‌ असा आवाज येईपर्यंत वळवली. पुढच्या पाळीच्या सिस्टरनं बघितलं. दोघं घोलपकडं बघत राहिले.

ट्रिंग.

"एकच?" बजरंग गडबडला. "काय राह्यलं, काका?" नळी बघितली, पट्टी बघितली. मग त्याला दिसलं. गॉज कोरडंच ठेवलं होतं. पळत जाऊन भिजवून आणलं, पिळून वर ठेवलं.

घोलपनं त्याला चांगलं ताटकळत ठेवलं. मग, ट्रिंग ट्रिंग.

बजरंग असा हसला, की घाट चढून आलेल्या गाडीतले प्रवासीसुद्धा तसे हसत नाहीत. जाताना घोलपच्या पायावर हात ठेवून गेला. आयुष्यभर घंटी मी दिली आणि गाडी त्यानं हलवली. आता घंटी त्याच्याकडं होती, आणि हलायचं दुसऱ्यांनी.

नवं मशीन मात्र पाटसकरांच्या काचेच्या कपाटात, वाळलेल्या हारासकट. एक दिवस ललितानं ते सरळ उचलून आणलं. त्यानंतर पाटसकर एकदा आमच्या खोलीत आले, कुणातरी नव्या दानशूराला घेऊन. "हे पाहा, हे आमचं आधुनिक यंत्र, आणि हे आमचे पेशंट, किती समाधानी," असं सगळं म्हणून झालं आणि ते दाराकडं वळले.

ट्रिंग.

पाटसकरांचा पाय उंबऱ्यावरच थांबला. ललिता थांबली, बजरंग थांबला, पाहुणेही थांबले. सगळ्यांनी नळी बघितली. स्वच्छ. गॉज बघितलं. ओलं. पट्टी बदललेली. काहीच राहिलेलं नव्हतं. घोलप छताकडं बघत पडला होता, अंगठा घंटीवर तसाच.

"काय हवंय यांना?" पाहुण्यांनी विचारलं.

पाटसकर उंबऱ्यावरचा पाय ना आत घेत होते, ना बाहेर. त्यांना ठाऊक होतं. आम्हालाही ठाऊक होतं.

त्यानंतर घोलप बरीच वर्षं जगला. गेला तो वयानं गेला, नळीनं नाही. तेवढं त्या घरानं सांभाळलं. मी लोकांना सांगतो, की पाटसकर अजून त्या उंबऱ्यावर एका पायावर उभे आहेत, त्यांच्या इस्त्रीच्या पँटीवर वेल चढलाय आणि वेलाला दुधी लागलाय. लोक हसतात. विचारा घोलपला म्हणायची सोय आता राहिली नाही.

पण एवढं खरं, की जाईपर्यंत त्यानं पाटसकरांना डबल बेल दिली नाही.